नापास बहिणीचा हेवा

मावसबहिणीचा हेवा वाटणं यात सांगण्यासारखं काही नाही. बरोबरीच्या बहिणी असल्या की तेवढं चालायचंच. पण मी तिच्यावर जळले ते ती नापास झाली म्हणून. ती चार विषयांत नापास झाली होती, मी एकाही विषयात नाही. आणि तरी पुढचं वर्षभर पोटात दुखत होतं ते माझ्याच.

आधी घरं सांगते. आम्ही बहरीनमध्ये उम्म अल हस्समला चौथ्या मजल्यावर राहतो. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं किराणा दुकान आहे, शेजारी खुबूसच्या रोट्यांची भट्टी. बाबा सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टर आहेत. आईची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, पुलापलीकडे अमवाज बेटावर राहते. मावसाजी बँकेत आहेत. दोघी बहिणी अकोल्याच्या एकाच घरातल्या, एकाच ताटात जेवून मोठ्या झालेल्या. आता एकीच्या बाल्कनीतून पाणी दिसतं आणि दुसरीच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी. आईने याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त अमवाजहून घरी येताना गाडीत ती पुलापर्यंत काही बोलत नसे. मी तिची मुलगी आहे, त्यामुळे मला ते न सांगता कळायचं.

मावशीला एकच मुलगी. माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी. शाळा एक, वर्ग एक, वाढदिवसाचे फोटो एक. बारावीत दोघींनाही थेट युनिव्हर्सिटीत जाण्याइतके मार्क पडले नाहीत, तेव्हा दोन्ही घरांनी मिळून ठरवलं, की दोघींनी दोन वर्षांच्या डिप्लोमा कॉलेजात आयटीला जायचं, वर्षभरात चांगल्या ग्रेड काढायच्या आणि तिथून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची. नियम साधा होता. चारपैकी अडीचची सरासरी हवी, आणि ज्या विषयात सी किंवा वर असेल तेवढेच विषय युनिव्हर्सिटी धरणार. ट्रान्सफर झाली नाही तर हातात नुसता डिप्लोमा. मग इथे कुठेतरी डेटा एंट्री करायची, नाहीतर अकोल्याला जाऊन मामाकडे राहून पुन्हा पहिल्या वर्षापासून बी.एस्सी. मामाच्या घरी मला पाहुणी म्हणून जायला आवडतं. राहायला नाही.

हे मी मराठीत लिहितेय त्याला एक कारण आहे. माझी मावसबहीण देवनागरी वाचते, पण दोन ओळींच्या पुढे तिला कंटाळा येतो. त्याच भरवशावर खरं लिहितेय.

पहिल्या वर्षी मी अभ्यास केला नाही. कारणं शोधत बसणार नाही. शाळेत आम्हा सगळ्यांची एक रीत होती, वर्षभर मजा करायची आणि शेवटच्या महिन्यात महत्त्वाचे प्रश्न पाठ करून उरकायचं. बाबाही तसेच शिकले, आईही. कॉलेजात मात्र दर आठवड्याला क्विझ असायची, असाइनमेंट असायची, आणि निम्म्याहून जास्त मार्क त्यातच संपून जायचे. हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण ‘खरी परीक्षा शेवटचीच’ हे इतकं अंगात मुरलेलं, की क्विझ म्हणजे मला मास्तरांची करमणूक वाटायची. मावसबहिणीचं तसंच. आम्ही दोघी कँटीनमध्ये करक चहा पीत बसायचो आणि म्हणायचो, फायनलला बघू.

फायनलला बघितलं. जूनमध्ये निकाल लागला. मला पाच डी, चार सी, एक बी. सरासरी एक पूर्णांक सहा. तिला चार एफ.

घरात काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. आम्ही खूश झालो. उघड नाही. आईने मावशीला फोन करून अर्धा तास धीर दिला, “होते वो असं, पोरगी हुशार हाय, करन पुढं,” असं काय काय म्हणाली. फोन ठेवला आणि शिरा केला. बाबा दोनदा म्हणाले, “चार विषयांत गेली बाप्पा,” आणि दोन्ही वेळा त्यांचा आवाज दुःखी माणसाचा नव्हता. माझ्या पाच डींकडे कुणी पाहिलं नाही. डी म्हणजे पास. पास म्हणजे पास. मीही नाही पाहिलं. मावसाजींच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून कॉलेजला येणारी, जिचे बूट दर दोन महिन्यांनी बदलतात ती माझी बहीण नापास झाली होती आणि मी पास. मला आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापेक्षा वरचं काही मिळालं होतं. तो शिरा मला फार गोड लागला.

मग सुट्टी लागली आणि आम्ही दरवर्षीसारखे अकोल्याला गेलो. दोन महिने. मामाकडे सगळ्यांना सांगून झालं की मी पहिलं वर्ष पास झाले. मावसबहीण त्या वर्षी आली नाही. तिला उन्हाळी वर्ग होते. मला तिची कीव आली. जुलै-ऑगस्टच्या बहरीनमध्ये, जिथे गाडीचं स्टीअरिंग हाताला चटके देतं, तिथे ती नापास विषय परत शिकायला जातेय आणि मी मामीच्या हातचे मांडे खातेय. मी तिला मांड्यांचे फोटो पाठवले. रोज नाही, पण बऱ्याचदा.

ऑक्टोबरमध्ये आमच्या लोकांचा धम्मदीक्षेच्या दिवसाचा कार्यक्रम असतो. भाड्याचा हॉल, आधी वंदना, मग एक-दोन भाषणं, मग मुलांचा गुणगौरव, मग जेवण. गुणगौरवासाठी पालकांनी फॉर्म भरून सोबत मार्कशीट जोडायची. फॉर्मवर नाव, वर्ग, टक्के असे रकाने. आम्ही मुलं कुठल्याही बोर्डाची असू, कुठल्याही कॉलेजची असू, त्या फॉर्मला टक्केच कळतात. बाबांनी एक पूर्णांक सहाचे टक्के काढून पाहिले असावेत, कारण त्यांनी तो रकाना मोकळा सोडला आणि वर्गापुढे ठळक अक्षरात ‘प्रथम वर्ष उत्तीर्ण’ लिहिलं.

सूत्रसंचालन करणारे काका एका कंपनीत स्टोअरकीपर. माणूस अतिशय सज्जन आणि काटेकोर. मोकळा रकाना त्यांना बघवला नाही. मी स्टेजवर चढले तेव्हा त्यांनी माझी मार्कशीट उलटसुलट पाहिली, खिशातून मोबाईल काढला, आणि माईकमध्येच म्हणाले, “इथं टक्के भरायचे राह्यले वाट्टे. चारपैकी एक पूर्णांक सहा... म्हंजे झाले चाळीस. चाळीस टक्के! टाळ्या!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपले लोक चांगले आहेत, टाळ्या वाजवतातच. मला एक पुस्तक आणि पेन मिळालं. मी खाली उतरेपर्यंत काकांनी पुढचं नाव घेतलं होतं, आणि ते माझ्या मावसबहिणीचं होतं. “प्रथम वर्ष, चारपैकी दोन पूर्णांक सात. साडेसदुसष्ट टक्के!”

मी पायरीवरच थांबले. ती मला वळसा घालून वर गेली, जाताना माझा दंड दाबून गेली. हॉलमध्ये मावशी मोबाईल उंच धरून शूटिंग करत होती. आई टाळ्या वाजवत होती. बाबा आपल्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहत होते.

जेवणाच्या रांगेत मी तिला गाठलं. आम्ही दोघी आपसात इंग्रजीतच बोलतो, मी मराठीत सांगते.

“तू तर नापास होतीस,” मी म्हणाले.

“होते ना. रिपीट केलं. तीन बी आले, एक ए.”

“मग ते एफ?”

“ते जातात. रिपीट केलं की जुना ग्रेड पुसतात, नवा धरतात.” तिने माझ्या ताटात भाजी वाढली. “तुला नव्हतं माहीत?”

“माझे डी?”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतेय ते. “पण तू तर पास होतीस,” ती म्हणाली.

त्या दिवशी मी जेवले नाही. अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते मला कळलं. मी दोन महिने मांडे खात बसले आणि ही नापास होऊन माझ्यापुढे निघून गेली. तिच्या कपाळावर लिहिलेलं पुसलं गेलं आणि माझं तसंच राहिलं, कारण मी पास होते! वाटलं, मीही फायनलचे पेपर कोरे का नाही दिले? चार-पाच मार्कांसाठी इतकी धडपड करून मी काय मिळवलं, तर डी. नापास होण्याचंही नशीब लागतं आणि तेसुद्धा अमवाजलाच राहतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या सल्लागार बाईंकडे गेले. त्या बहरीनी, शांत, टेबलावर कायम अर्धा कप चहा. त्यांनी स्क्रीनवर माझे मार्क पाहिले आणि विचारलं, की मी आत्तापर्यंत का आले नाही. मी म्हटलं, मी पास होते.

“तीच तर तुझी अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “एफवाल्या मुलीला आम्ही परत बसवतोच. डीवालीला कोणी सांगत नाही. तिने स्वतः यायचं असतं.”

मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. पाचही डी रिपीट करून त्यांचे बी केले तर सरासरी अडीचच्या वर जाते. पण पास झालेला विषय येत्या उन्हाळी वर्गांपर्यंतच परत घेता येतो. जानेवारीत तीन, उन्हाळ्यात दोन. त्यानंतर दार बंद. आणि फॉर्मवर फी भरणाऱ्या पालकाची सही लागते. त्यांनी फॉर्म काढून दिला आणि म्हणाल्या, “यल्ला, चल, अजून उशीर झालेला नाही.”

फॉर्म घेऊन घरी आले ती बाबांच्या पुढ्यात. बाबा नुकतेच सलमाबादहून येऊन पाय धुऊन बसले होते. मी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“पास झालेला पेपर कोनी वापस देते काय?” ते म्हणाले.

“बाबा, डीचा विषय युनिव्हर्सिटी धरतच नाही.”

“नाई धरत तं नाई धरत. पन तू पास हायेस. आता तू त्याच वर्गात जाऊन बसशीन, लोकं म्हनतीन नापास झाली. मी कोनाकोनाले सांगत फिरू का पास झाली होती म्हनून?”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अवो, पन पोरगी काय म्हनून रायली ते तं आयका.”

“आयकलं. हे म्हंजे हात दाखवून अवलक्षण. खलास.”

खलास म्हटलं की आमच्या घरी विषय संपतो. मी मात्र त्या दिवशी संपवला नाही. मी म्हटलं, “तुमच्या वर्कशॉपात वरून बरोबर दिसणारा जोड आतून कच्चा निघाला तर तुम्ही काय करता? कापून परत करायला लावता ना?”

बाबांनी रिमोट उचलला. “जोडाले लोकं हसत नाईत,” ते म्हणाले आणि टीव्ही लावला.

फॉर्म माझ्या बॅगेत पडून राहिला. नोव्हेंबर गेला. मी दुसऱ्या वर्षाचे विषय आता नीट करत होते, दर क्विझला बसत होते, मार्कही चांगले येत होते. पण मागचे पाच डी सगळ्यांना खाली ओढत होते. मावसबहीण तिकडे युनिव्हर्सिटीचा अर्ज भरत होती. ती मला विचारायची, “स्टेटमेंट वाचून बघशील? माझं इंग्लिश तुझ्याइतकं चांगलं नाही.” ते खरं होतं, माझं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं आहे. मी तिचं स्टेटमेंट वाचलं, तिच्या चुका दुरुस्त केल्या, आणि एक चूक मुद्दाम तशीच ठेवली. मोठी नाही. एक स्वल्पविराम. आजही तो स्वल्पविराम मला दिसतो.

तरी तिची ट्रान्सफर झाली. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मावशीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. अमवाजच्या त्या घरात मटण होतं, भाकरी होत्या, मधे केक होता आणि केकवर युनिव्हर्सिटीचं चिन्ह काढलेलं होतं. मी केकचा तुकडा घेतला तो नेमका चिन्हाचा आला. मी तो खाल्ला.

जेवण झाल्यावर मावसाजी बाबांच्या शेजारी येऊन बसले. बाबा आणि मावसाजी साडू. दोघांत आजवर भांडण कधी झालं नाही, कारण भांडण्याइतकं ते कधी बोललेच नाहीत. मावसाजींनी दात कोरत सहज विचारलं, “भाऊ, आमचं तर झालं. जानेवारीपासून युनिव्हर्सिटी. तुमच्या पोरीचं काय?”

“होईन,” बाबा म्हणाले. “इंशाल्ला.”

“नाही झालं तरी काय, मुलीची जात. डिप्लोमा काही कमी नाही. बघू, आमच्या बँकेत कुठे रिसेप्शनला वगैरे...”

मावसाजी वाईट बोलले असं मला वाटत नाही. त्यांच्या परीने ते मदतच करत होते. पण बाबांच्या मानेवरची शीर मला समोरच्या सोफ्यावरून दिसली. त्या दिवशी पुलापर्यंत आई गप्प होती आणि पुलाच्या पुढे बाबा. गाडी लावली, लिफ्टमध्ये शिरलो, बाबांनी चारचं बटण दाबलं. दुसऱ्या मजल्यापाशी ते म्हणाले, “तो कागद कोनता व्हता? रिपीटचा.”

“बॅगेत आहे.”

“आन. सही करतो.”

समजूत घालून जे दोन महिन्यांत झालं नाही ते साडूच्या एका वाक्याने झालं. बाबांनाही तोच आजार होता, तर! मला त्यांची इतकी माया कधीच आली नव्हती.

जानेवारीत मी जुन्या वर्गांत जाऊन बसले. गणित, स्टॅटिस्टिक्स, प्रोग्रामिंग. सगळ्या माझ्याहून लहान मुली. प्रोग्रामिंगचे सर हजेरी घेता घेता माझ्या नावापाशी थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “तू? तू तर पास झाली होतीस.” मी म्हटलं, हो सर, झाले होते. शेजारच्या मुलीने विचारलं, मग परत का आलीस? मी तिला सांगितलं. पुढच्या आठवड्यात दुसरीने विचारलं, तिलाही सांगितलं. पहिला महिना मी दिसेल त्याला ‘मी नापास नाही’ हे सांगण्यात घालवला. कुणाला त्यात काडीचा रस नव्हता. त्यांच्या दृष्टीने परत आलेली ती नापासच.

एकदा आई एकटीच मावशीकडे जाऊन आली आणि येताना एक निळी फाइल घेऊन आली. मावसबहिणीच्या उन्हाळ्यातल्या वह्या. “तिनं सोताहून देल्या,” आई म्हणाली. “म्हने, तिले उपयोगी पडतीन.”

मी फाइल कपाटावर टाकली. मला तिचं उष्टं नको होतं. तीन आठवडे मी तिला हात लावला नाही. मग स्टॅटिस्टिक्सच्या क्विझमध्ये वीसपैकी अकरा मिळाले, आणि मी खुर्ची ठेवून फाइल खाली काढली.

मला वाटलं होतं, तिच्या वह्या सुंदर असतील, कारण तिचं सगळंच सुंदर असतं. सुंदर नव्हत्या. गिचमिड होती. पण प्रत्येक पानावर लाल पेनने एक रेघ मारून तिने बाजूला लिहिलं होतं, की पहिल्या वेळी आपण इथे काय चूक केली. ‘इथे मी सूत्र पाठ केलं, कळलं नव्हतं.’ ‘इथे वर्गात नव्हते.’ ‘इथे हसत बसलो.’ पानामागून पान. जुलैच्या उन्हात बसून ही मुलगी स्वतःच्या चुका शोधत होती, तेव्हा मी तिला मांड्यांचे फोटो पाठवत होते. ती नशिबाने पुढे गेली असं मी जे धरून बसले होते, ते त्या वह्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. आणि म्हणून मला तिचा आणखीच राग आला. नशिबावर जळणं सोपं असतं. कष्टांवर जळायला तोंड राहत नाही, तरी मी जळलेच.

पण वह्या मी वापरल्या. ‘इथे हसत बसलो’ ज्या पानावर होतं, तो धडा मी सगळ्यात आधी केला, कारण तिच्याबरोबर हसत बसलेली मीच होते. मग रोज कॉलेजहून आल्यावर जेवणाच्या टेबलावर बसायचं आणि संध्याकाळच्या वंदनेला उठायचं, असं लावून घेतलं. जे कळत नाही ते विचारायला सरांच्या खोलीबाहेर उभी राहू लागले. तिथे उभं राहण्याची मला लाज वाटत नव्हती. मला फक्त एवढंच दिसत होतं, की ती युनिव्हर्सिटीच्या पायऱ्यांवर बसून फोटो टाकतेय, नवीन मैत्रिणी, नवीन लॅपटॉप, आणि मी अजून इथेच. प्रत्येक फोटो मी मोठा करून पाहायचे. तिने गळ्यात घातलेलं आयडी कार्ड वाचण्याइतका मोठा.

मे महिन्यात तीन विषयांचे निकाल आले. दोन बी, एक बी प्लस. उन्हाळ्यात उरलेले दोन. त्या वर्षी आम्ही अकोल्याला गेलो नाही. आई-बाबा दोघंही माझ्यामुळे राहिले. बाबा मला सकाळी सोडायला यायचे. एकदा गाडीत म्हणाले, “वर्कशॉपात कोनी इचारलं पोरगी काय करून रायली, तं मी सांगतो, पास झालेले पेपर वापस देऊन रायली. मानसं चाट पडतात.” ते हसले. मी त्यांना त्याआधी या विषयावर हसताना पाहिलं नव्हतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला शेवटचा ग्रेड पोर्टलवर आला. सरासरी दोन पूर्णांक सहाच्या थोडी वर. अर्ज आधीच भरून ठेवला होता. आणखी दोन आठवड्यांनी युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. ट्रान्सफर मंजूर, तिकडे शिकवतच नाहीत तो एक सोडून सगळे विषय धरले. आई रडली. बाबांनी वर्कशॉपातूनच फोन केला आणि मागे ग्राइंडरचा आवाज असताना मला ते पत्र पूर्ण वाचून दाखवायला लावलं. मी ओरडून वाचलं.

मी मावसबहिणीला कळवलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. मला माहीत होतं काय होणार. ती म्हणणार, ‘वॉव, फायनली!’ आणि त्या ‘फायनली’त माझं अख्खं वर्ष मावणार. ती आठ महिने पुढे होती, आठ महिने पुढेच राहणार. मी जिंकले असं मला एक दिवस तरी वाटून घ्यायचं होतं, आणि तिला सांगितलं की ते संपलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. आईने मावशीला सांगितलं असणार. दारात ती उभी होती, घामाने निथळत, कारण आमची लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती आणि ती चार मजले पळत चढून आली होती. तिने मला मिठी मारली. मग आईला मिठी मारली. मग खाली फरशीवरच बसली आणि म्हणाली, “दाखव, ट्रान्सक्रिप्ट दाखव.” मी दाखवलं. ती एकेक ग्रेड बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. गणित बी. स्टॅट्स बी. प्रोग्रामिंग बी प्लस! प्रत्येकाला ती माझ्या मांडीवर चापट मारत होती. शेवटच्या ओळीपाशी आली तेव्हा तिचे डोळे भरून आले.

“मी डेटा स्ट्रक्चर्स घेतलं नाहीये अजून,” ती म्हणाली.

“का? ते तर पहिल्याच टर्मला असतं.”

“तू येणार होतीस ना. म्हटलं, आपण दोघी मिळून घेऊ. मी तुझ्यासाठी थांबवून ठेवलंय.”

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. पहिलं हे आलं, की म्हणजे ती एका विषयाने मागे आहे. म्हणजे आमच्यातलं अंतर मला वाटलं त्यापेक्षा कमी आहे. मी ते अंतर मोजून पाहिलं. तिचा हात माझ्या हातात होता, ती रडत होती, आणि मी मोजत होते.

आठ महिने मी जिच्या मागे धावले, ती माझ्यासाठी थांबून राहिली होती. तिची ट्रान्सफर झाली त्या दिवशी मी तिला काय म्हणाले होते ते मी आठवून पाहिलं. काहीच म्हणाले नव्हते. केक खाल्ला होता.

“तू काही बोलत का नाहीयेस?” तिने विचारलं.

“थँक्स,” मी म्हणाले.

तिने डोळे पुसले आणि आईला विचारलं की जेवायला काय आहे. मी तिथेच फरशीवर बसून तिच्याकडे पाहत राहिले. माझ्यासाठी तिला झाला होता तसा, नुसता, बिनहिशेबी आनंद मला तिच्यासाठी एकदाही झाला नव्हता. तिचं घर, तिचे बूट, तिची ट्रान्सफर, या कशाचाच नाही इतका मला त्या आनंदाचा हेवा वाटला.